विजा कडाडताना सायकलवरून घरी निघताय? या चुका टाळा

नाशकात सायकलवरून कामावर जाणाऱ्यांना श्रावणातली झड काही नवी नाही. रेनकोट घालायचा, मडगार्ड नीट आहे ना ते बघायचं आणि भिजत-भिजत घर गाठायचं. गडबड होते ती वळवाच्या पावसात. एप्रिल-मेमध्ये जमीन दिवसभर तापते, दुपारनंतर ढग सरळ वर चढत जातात आणि चार ते सातच्या दरम्यान आभाळ फाटतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जनरल शिफ्ट सुटते तीही याच वेळेला. पुढे सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात हस्ताचा पाऊस असाच गडगडत येतो.

या पावसाला झडीचे नियम लावणं हीच मोठी चूक आहे. इथे धोका भिजण्याचा नसतो. धोका असतो विजेचा, वाऱ्याचा आणि वरून पडणाऱ्या वस्तूंचा.

“पाऊस सुरू व्हायच्या आत पोचतो”

सगळ्यात जास्त जण इथेच फसतात. उकाड्यात एकदम गार वारा सुटतो, धूळ उडते, मातीचा वास येतो. बरं वाटतं आणि पाय पेडलवर जातो. पण तो गार वारा ढगातूनच खाली कोसळलेला असतो, जमिनीवर आपटून पुढे पसरलेला असतो. म्हणजे वादळ दारात येऊन ठेपलेलं असतं. सातपूरहून त्र्यंबक रोडने सीबीएसकडे, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाकडे निघालात तर सायकलने पंचवीस-तीस मिनिटं जातात. वादळ त्याहून वेगाने येतं. तुम्ही त्याच्या पुढे पळत नसता, त्याच्या तोंडात शिरत असता.

शिवाय वीज पावसाच्या धारेतच पडते असं नाही. मुख्य ढगापासून दहा किलोमीटर लांब, डोक्यावर निळं आभाळ असतानाही ती पडू शकते. त्यामुळे ‘अजून थेंबही नाही’ याला काही अर्थ नाही.

मग निघायचं कधी? वीज चमकली की सेकंद मोजा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, निघायचं नाही. एमआयडीसीत यंत्रांच्या आणि ट्रकच्या आवाजात लांबचा गडगडाट ऐकूही येत नाही. तिथे सोपा नियम पाळा: गडगडाट कानावर आला की थांबा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास गेल्यावरच सायकल काढा. हा अर्धा तास फार जड जातो. पाऊस थांबलेला असतो, रस्ता मोकळा दिसतो, घरून फोन येत असतो. पण ओसरणाऱ्या वादळातूनही वीज पडते, आणि त्या वेळी नेमके सगळे बाहेर आलेले असतात.

वळवाचा एक ढग सहसा अर्ध्या-एक तासात आपला जोर संपवतो. एवढा वेळ कंपनीच्या कँटीनमध्ये किंवा ऑफिसच्या आत काढता येतो. सुपरवायझर असाल तर शिफ्ट सुटल्यावर गेट बंद करून कामगारांना आभाळाखाली उभं करू नका, आत थांबू द्या. ढगांची रांगच लागली असेल तर सायकलला कुलूप लावून सिटीलिंकची बस धरा. सायकल एक रात्र कंपनीत राहिली तर काही बिघडत नाही.

“यलो अलर्ट तर रोजच असतो”

खरं आहे, मे महिन्यात हवामान खात्याचा हा इशारा वरचेवर असतो. पण तो पूर्ण जिल्ह्यासाठी असतो, आणि नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. इगतपुरीत गडगडलं आणि येवल्यात ऊन पडलं, तरी इशारा एकच. काल काही झालं नाही म्हणून आज इशारा खोटा ठरत नाही. सकाळी तो बघून एवढंच ठरवा की आज दिवा, रेनकोट आणि बसभाड्याचे पैसे सोबत हवेत. निघतानाचा निर्णय मात्र ताज्या माहितीवर घ्या. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा वेगळा देतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. गेटबाहेर पडण्याआधी हे बघायला मिनिटभर पुरतो.

“टायर रबरी आहेत, वीज लागत नाही”

हा समज कुठून आला कोण जाणे, पण तो जीवघेणा आहे. कित्येक किलोमीटर हवा फोडून खाली आलेल्या विजेला बोटभर रबर अडवू शकत नाही. मोटारीत माणूस वाचतो तो टायरमुळे नव्हे. चारही बाजूंच्या धातूच्या पत्र्यातून वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, म्हणून वाचतो. सायकलवर असं कवच नाही, मोटारसायकलवरही नाही. रिक्षाचं कापडी छप्परही त्या कामाचं नाही.

याच्या उलट, सायकल लोखंडी म्हणून ती वीज ओढते, हेही बरोबर नाही. वीज उंच आणि एकट्या वस्तूकडे जाते. मोकळ्या रस्त्यावर सीटवर बसलेले तुम्हीच ती उंच वस्तू असता. मोबाइल खिशात असल्याने वीज पडत नाही. चार्जिंगला लावलेला फोन मात्र कानाला लावू नका, कारण वीज वायरीतून येऊ शकते.

“झाडाखाली जरा थांबू”

त्र्यंबक रोडला गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला, गंगापूर रोडला, कॉलेज रोडला, जिथे मोठं झाड दिसेल तिथे सायकली आणि स्कूटर उभ्या राहतात. झाडावर वीज पडली तर ती खोडातून उतरताना शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. मुळांच्या आसपासच्या ओल्या जमिनीतूनही पसरते. वीज नाही पडली तरी फांदी पडते. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. रेन ट्रीचा पसारा मोठा आणि भिजल्यावर जड. वळवाच्या वाऱ्यात आधी हीच झाडं मोडतात.

होर्डिंगखालचा आडोसाही नको. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. थांबण्याआधी मान वर करून बघा. वर होर्डिंग आहे का, पत्र्याची सैल शेड आहे का, बांधकामाची परांची आहे का.

चांगला आडोसा म्हणजे पक्की इमारत. दुकान, बँकेची शाखा, दवाखाना, सोसायटीची लॉबी. ‘दादा, वीज थांबेपर्यंत आत उभा राहतो’ असं म्हटल्यावर नाशकात कोणी हाकलून देत नाही, मागायला लाजू नका. आत गेल्यावर खिडकीच्या लोखंडी गजांना आणि नळाला टेकू नका. बसथांब्याचं छप्पर पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलाखाली थांबणं झाडाखाली थांबण्यापेक्षा बरं, पण पूर्ण सुरक्षित नाही. तिथे रस्त्याच्या कडेला गर्दी करून उभं राहिलात तर पावसात धूसर दिसणाऱ्या ट्रकचा धोका वेगळा.

आणि काहीच सापडलं नाही तर? सोमेश्वरच्या पुढे, मखमलाबाद किंवा पेठ रोडला शहर संपलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. बागेच्या तारांपासून, लोखंडी खांबांपासून आणि कुंपणापासून दूर व्हा. सायकल आडवी टाकून तिच्यापासून लांब जा. उंचवटा सोडा. जवळच पक्कं घर दिसत असेल तर तिकडेच चालत राहा. अंगावरचे केस उभे राहायला लागले तर लगेच दोन्ही पावलं जुळवून उकिडवे बसा, कान झाका, डोकं खाली घ्या. आडवं पडू नका. जमिनीला अंग जितकं कमी लागेल तितकं चांगलं. अशा बसण्याने वीज टळत नाही, धोका थोडा कमी होतो. सोबत कोणी असेल तर एकमेकांना बिलगू नका, अंतर ठेवा.

कोणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबत राहा. विजेने थांबलेलं हृदय लगेच मदत मिळाली तर पुन्हा चालू होऊ शकतं, म्हणून ही पहिली मिनिटं रुग्णवाहिकेची वाट बघण्यात घालवू नका.

महावितरणची तार तुटून पडलेली दिसली तर मात्र उलट वागायचं. तिच्यात प्रवाह नाही असं धरायचं नाही. निदान दहा मीटर लांब राहायचं, आजूबाजूच्या पाण्यात पाय घालायचा नाही आणि १९१२ वर कळवायचं.

पाण्यातून सायकल दामटणं

जुनं नाशिक उताराचं आहे. रविवार कारंजाकडून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवरून पाणी वेगात धावतं आणि दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार या खोलगट भागात साचतं. घोटाभर वाहतं पाणीही माणसाचा पाय उचलू शकतं, आणि गढूळ पाण्याखाली उघडं चेंबर आहे की नाही ते दिसत नाही. इंदिरानगरच्या बोगद्यासारख्या ठिकाणीही तळ दिसत नसेल तर आत शिरू नका. गोदाघाटावरून जवळची वाट काढायचा मोह पावसाळ्यात तर सोडूनच द्या. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाट भराभर पाण्याखाली जातो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठल्या अवयवापर्यंत पाणी आलं यावर पुराचा अंदाज बांधणाऱ्या शहराला २०१६ आणि २०१९ चे ऑगस्ट आठवत असतील.

ब्रेक लागत नाही, चाक घसरतं

वादळ गेल्यावर निघालात तरी रस्ता ओलाच असतो, आणि पहिल्या पावसात तो सगळ्यात वाईट असतो. महिन्यांची धूळ आणि सांडलेलं ऑइल पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो, एमआयडीसीच्या वळणांवर तर हमखास. झेब्रा पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि पडलेला गुलमोहराचा सडा यांच्यावरून सरळ जा. त्यांच्यावर वळू नका, ब्रेकही दाबू नका.

रिम ब्रेक ओला असेल तर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तो पकडतच नाही. सिग्नलच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या, मग जोर लावा. स्टीलची रिम आणि रॉडचे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलींना ओल्यात थांबायला फारच वेळ लागतो. अशा सायकलीवरून उतार चालत उतरणंच बरं. टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते.

छत्री धरून एका हाताने सायकल चालवू नका. सैल पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि त्याचं टोक चेनमध्ये अडकतं. अंगाला बसणारं, कमरेशी आवळता येणारं जाकीट घ्या, भडक पिवळं किंवा केशरी. जाकिटाच्या टोपीने कडेचं दिसणं बंद होत असेल तर ती हेल्मेटखाली नीट बसवा. गारा पडू लागल्या तर हेल्मेट काढू नका. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

घरी पोचल्यावर सायकल तशीच भिंतीला लावून जेवायला बसलात तर सकाळी चेन तांबूस झालेली असेल. कोरड्या फडक्याने चेन पुसा, मग तेलाचे थेंब सोडा. ओल्या चेनवर तेल घालून उपयोग नाही. ब्रेकच्या रबरात रुतलेली खडी काढा, नाहीतर ती रिम खरवडते. पाण्यातून गेला असाल तर सीट काढून फ्रेम उलटी धरा आणि आतलं पाणी निथळू द्या. पेडल फिरवताना कुरकुर आली तर बेअरिंगमध्ये पाणी शिरलंय. त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे नेऊन ग्रीस बदलून घ्या.