फिरतं शौचालय मागवताय? आधी गाडीचा रस्ता बघा

गणेशोत्सव मंडळ असो की टॉवरचं बांधकाम, फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, किती नग लागतील?" मी आधी विचारते, सक्शनची गाडी कुठवर येते? मैला उपसायची सोय नसेल तर कितीही नग ठेवा, दुसऱ्या दिवशी दारात उभं राहवत नाही. या पुरवठ्याच्या कामात मी सुपरवायझर आहे, म्हणून जागा ठरतानाच भांडून घेते.

आतली रचना साधी. भांड्याखाली साधारण 200 लिटरची बंद टाकी, आणि तिच्यातून छताच्या वर गेलेला पाइप. वास तिथून निघून जातो. पाइपाला टोपी हवीच, नाहीतर जुलैत टाकी पावसाच्याच पाण्याने भरते. सुरुवातीला टाकीत 15-20 लिटर पाणी आणि निळं केमिकल घालतात. त्याने मैला नाहीसा होत नाही. वास करणारे जिवाणू आवरले जातात आणि रंगामुळे खालचं दिसत नाही. टॉर्च मारून बघा. निळं असेल तर ठीक, हिरवट झालं तर वापर वाढलाय, तपकिरी दिसलं की केमिकल संपलं. लगेच गाडी बोलवा.

खरी गोम पाण्यात आहे. एका नगामागे 10 कामगार, 40 तासांचा आठवडा आणि आठवड्याला गाडीची एक फेरी, हा हिशोब अमेरिकेतला, कागद वापरणाऱ्यांचा. आपल्याकडे माणूस पाणी घेणार, आणि घ्यायलाच हवं. माणशी दोन लिटर धरलं तरी शंभरेक जणांत टाकी काठाला येते, केमिकल पातळ होतं ते वेगळंच. म्हणून बांधकामावर मी दिवसाआड फेरी लावते. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कात किंवा विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर असते तशी गर्दी असेल, तर गाडी तिथेच उभी हवी. टाकी वाचवायला पाणी तोडू नका. पाणी नाही, आतून कडी लागत नाही, दिवा नाही, अशा ठिकाणी बायका जात नाहीत. दिवसभर पाणीच पीत नाहीत. याचा मला फार राग येतो.

जागा कठीण आणि सपाट बघा. चौपाटीच्या वाळूत टँकरची चाकं रुततात, म्हणून नग रस्त्याच्या कडेलाच. हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या भागात उंचवटा शोधा. बेसमेंटच्या खोल खड्ड्यात ठेवणार असाल तर लक्षात घ्या, नुसत्या ओढीने पाणीसुद्धा 10 मीटरच्या वर चढत नाही. मैला तर त्याहून कमी. तिथे नग क्रेनने वर आणूनच उपसावा लागतो.

फेरीच्या वेळी शेजारी उभं राहा. आधी चिमट्याने बाटल्या, पॅड, गुटख्याच्या पुड्या बाहेर. एक पॅड नळीत अडकलं की सगळं काम थांबतं. म्हणून आत झाकणाचा डबा द्याच. मग नळी टाकीच्या तळापर्यंत, चारही कोपऱ्यांत फिरवायची. कोपऱ्यात गाळ राहिला तर नवं केमिकल त्यातच खर्ची पडतं. नंतर प्रेशरने पाणी मारून पुन्हा ओढायचं, भांडं आणि कडी घासायची, नवं पाणी-केमिकल घालायचं, वरची पाण्याची टाकी भरायची. उपसून नुसतं फिनेल शिंपडून निघाले तर सही देऊ नका.

काहीही तुंबलं तरी माणूस टाकीत उतरवायचा नाही. 2013 च्या कायद्याने हाताने मैला उपसून घेणं गुन्हा आहे. शिवाय आतला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला त्याचा वास यायचाच बंद होतो. पाण्याचा उलटा मारा करा, नाहीतर नग बदलून मागा.

दर ठरवताना किती फेऱ्या आणि मैला कुठे रिकामा करणार, दोन्ही करारात लिहून घ्या. पावसाळी नाल्यात सोडला तर तो प्रक्रियेविना थेट खाडीत, समुद्रात जातो.