पगार की समाधान? नोकरी बदलताना या चुका टाळा

घरात नोकरी बदलायचा विषय निघाला की अर्धं घर पगाराच्या बाजूने, अर्धं "मन रमतंय तिथेच रहा"च्या बाजूने, आणि एक मामा असतोच जो म्हणतो सरकारी बघ रे, बाकी सगळं सोड. पण अडचण वेगळीच असते. पगाराचा आकडाच चुकीचा धरलेला असतो आणि समाधान म्हणजे नेमकं काय हवंय ते आपण स्वतःला कधी विचारलेलंच नसतं.

सीटीसीलाच पगार समजणं

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. सहा लाखाचं पॅकेज म्हणजे महिन्याला ५०,००० हातात, असं धरून लोक गाडीचा हप्तासुद्धा ठरवून मोकळे होतात. जरा फोडून बघा. बेसिक, म्हणजे मूळ पगार, २५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) ३,०००, तुमचा पीएफ ३,०००, ग्रॅच्युइटीच्या (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या) नावाने साधारण १,२००, आणि त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर ते महिन्याचे ५,००० वर्षअखेरीला मिळाले तर मिळाले. हातात उरले ३७,८००. पीएफ तुमचाच आहे हो, पण त्यातून भाडं भरता येत नाही. म्हणून एचआरला सरळ मेल करून पगाराची फोड मागा, लाजायचं काय त्यात.

गोव्यातल्या हॉटेलवाल्यांनी तर अजून एक बघायचं. डिसेंबरातला सर्व्हिस चार्ज आणि टिप्स बघून हुरळून जाऊ नका, तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी जुलैत, पर्यटक कमी असताना, हातात किती आले ते विचारा.

तास न मोजणं

गोव्यात साखळीहून वेर्ण्याला जायचं तर कंपनीची बस पहाटे पकडायची, आणि संध्याकाळी घरी येऊन जेवलं की डोळे मिटतात. समजा जवळची नोकरी ३२,००० देते आणि घर ते घर साडेनऊ तास जातात, लांबची ३८,००० देते पण १३ तास. २६ दिवसांचा हिशोब करा, पहिलीत तासाला साधारण १३० रुपये पडतात, दुसरीत ११२. म्हणजे पगार वाढला आणि तुमचा तास स्वस्त झाला!

"समाधान नाही" एवढ्यावरच राजीनामा

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोन आठवडे रोज रात्री फोनमध्ये एकच ओळ लिहा, आज डोकं कशाने फिरलं. मग वाचून बघा. दरवेळी एकाच साहेबाचं नाव येत असेल तर काम वाईट नाहीये, डिपार्टमेंट बदलून मिळतं का ते आधी बघा. शिफ्ट येत असेल तर शिफ्टचं बोला. आणि ओळ अशी असेल की "दिवसभर काय केलं तेच आठवत नाही", तर मात्र पगारवाढीने ते सुटणार नाही, तीन महिन्यांत नवा पगार अंगवळणी पडतो आणि कंटाळा तसाच.

उलटंही होतं. मांडवी नदीतल्या कॅसिनोत नाईट शिफ्टचे पैसे चांगले दिसतात म्हणून गेलेला फोंड्याकडचा पोरगा, ज्याचा जीव गावच्या उत्सवातल्या नाटकात, त्याच्या तालमी रात्रीच असतात ना! असल्या गोष्टी ऑफर लेटरमध्ये कुठेच लिहिलेल्या नसतात, आपणच आठवून लिहायच्या, गणेश चवथीला सुट्टी मिळणार का हेसुद्धा.

धंदा टिकेल का, हे न बघणं

२०१२ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि २०१८ला परत, तेव्हा डिचोली-सांगेतल्या कितीतरी घरांचा बरा चाललेला पगार एकदम थांबला. पगारही बरा, कामही आवडतं, पण कंपनी एकाच परवान्यावर किंवा एकाच ग्राहकावर उभी असेल तर थोडे पैसे बाजूला टाकूनच उडी मारा.

शेवटच्या क्षणीची घाई

साडेचार वर्षं झालीत आणि रागात सोडताय? ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं लागतात, २५,००० बेसिकवर ती ७२,००० च्या आसपास होते, तेवढी वाट बघायला काय हरकत. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर नव्या कंपनीला आधीच सांगा. आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय, नुसत्या फोनवरच्या "तुमचं फायनल आहे" वर राजीनामा टाकू नका.