सायनोटाइप शिकताना या चुका टाळा

१८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली सायनोटाइप, म्हणजे लोहाचे क्षार आणि उन्हाच्या साहाय्याने निळी छायाचित्रे छापण्याची पद्धत, नववी-दहावीच्या वर्गात शिकवायला सोयीची आहे, कारण तिला ना एन्लार्जर (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारे यंत्र) लागतो, ना चांदीचे क्षार. संगणकावर निगेटिव्ह (काळे-पांढरे उलटलेले चित्र) तयार करून ती पारदर्शक फिल्मवर छापायची आणि रसायनांचा लेप दिलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायची, एवढेच काम दिसते. प्रिंट बिघडली की मुले उन्हाला दोष देतात. पण माझ्या अनुभवात बहुतेक बिघाड कागद उन्हात जाण्यापूर्वीच झालेला असतो.

सर्वाधिक चुका निगेटिव्हमध्ये होतात. चित्र कृष्णधवल करून त्यातले काळे-पांढरे उलटवले जाते, पण ते आरशातल्यासारखे डावे-उजवे फिरवायचे राहून जाते. मग अक्षरे उलटी येतात किंवा ती सुलट यावीत म्हणून फिल्मची शाईची बाजू वर ठेवली जाते आणि फिल्मच्या जाडीमुळे कडा धूसर होतात. शाई नेहमी लेपाला टेकलेली असावी. दुसरे म्हणजे, पडद्यावर दिसणाऱ्या करड्या छटा कागदावर तशाच उतरत नाहीत. त्यासाठी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची अकरा पायऱ्यांची पट्टी छापून तिची प्रिंट काढावी, कोणत्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या ते पाहावे आणि त्यानुसार सॉफ्टवेअरमधील कर्व्ह (छटांचा गडद-फिकटपणा ठरवणारी रेषा) बदलावा. हा एक तास वाचवणारा विद्यार्थी पुढे दहा कागद वाया घालवतो. लेझर प्रिंटरचा काळा रंग विरळ वाटल्यास दोन फिल्म तंतोतंत जुळवून वापराव्यात.

कागद निवडताना ‘आम्लविरहित’ हा शब्द फसवतो. अशा अनेक कागदांत कॅल्शियम कार्बोनेट हा अल्कलीधर्मी पदार्थ असतो आणि सायनोटाइपच्या निळ्या रंगाला अल्कली मानवत नाही, म्हणून घाऊक खरेदीपूर्वी एका तुकड्यावर चाचणी घ्यावी.

नेहमीच्या कृतीत १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवतात. ही द्रावणे वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवावीत आणि लागतील तेवढीच समप्रमाणात मिसळावीत. पोटॅशियम फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ मुळीच नेऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटू शकतो. लेप अंधारात पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात घाई केल्यास ओलसर कागद फिल्मला चिकटतो आणि निगेटिव्हही जाते.

उन्हातला वेळ घड्याळाच्या अंदाजाने ठरवू नये. लेप दिलेल्या कागदाच्या पट्टीवर झाकलेला पुठ्ठा दर दोन मिनिटांनी सरकवत चाचणी पट्टी काढावी. गडद भाग निळे होऊन पुढे करडे, काहीसे धातूसारखे दिसू लागेपर्यंत कागद बाहेर ठेवावा लागतो, कारण धुताना बराच रंग निघून जातो. कागद उन्हातून लवकर काढणे हेच फिकट प्रिंटचे सर्वांत सामान्य कारण आहे. अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक वर ठेवले असेल, तर कितीही ऊन उपयोगी पडत नाही.

धुताना पांढऱ्या भागातला पिवळा रंग पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलावे. बोअरवेलच्या जड पाण्याने निळा रंग फिका पडत असल्यास पहिल्या ट्रेमध्ये चिमूटभर लिंबूसत्त्व टाकावे. वाळल्यावर रंग हवेतल्या ऑक्सिजनने आणखी गडद होतो, त्यामुळे गुण देणाऱ्या शिक्षकांनी प्रिंट दुसऱ्या दिवशी पाहावी.