एस्पेरांतो शिकायचीये? याद्या पाठ करू नका, शब्द बनवायला लागा

एस्पेरांतो ही मुद्दाम बनवलेली भाषा शिकायची इच्छा आहे पण सुरुवात कुठून करू हे कळत नाही, अशांसाठी हे लिहितेय. सगळ्यात आधी एक सांगते, शब्दांच्या याद्या घोकत बसू नका. या भाषेची खरी मजा शब्द स्वतः बनवण्यात आहे आणि ती अगदी पहिल्या आठवड्यापासून मिळते.

थोडक्यात इतिहास. ही भाषा बनवणारा झामेनहोफ हा डोळ्यांचा डॉक्टर, जन्म १८५९ चा, बियालिस्तोक गावचा, जे आता पोलंडमध्ये आहे पण तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात पोलिश, रशियन, जर्मन, ज्यू सगळे राहायचे आणि एकमेकांकडे संशयाने बघायचे, ते बघत तो मोठा झाला, आणि १८८७ मध्ये वॉर्साला त्याने एक छोटंसं पुस्तक छापलं, त्यात कुठल्याच एका देशाची नसलेली ही भाषा आणि तिच्या व्याकरणाचे फक्त १६ नियम.

उच्चार एका संध्याकाळी होतात. लिहिलंय तसंच वाचायचं, जोर कायम शेवटून दुसऱ्या स्वरावर. आणि इथे मराठी माणसाचं आयतं काम होतं बघा, साधा सी (c) म्हणजे चुलीतला च आणि टोपीवाला सी (ĉ) म्हणजे चहातला च, आपण दोन्ही लहानपणापासून बोलतोय. जे (j) या अक्षराचा उच्चार य होतो तेवढं लक्षात ठेवा. डोक्यावर खूण असलेली अक्षरं सहा आहेत, ती टाइप होत नसतील तर साध्या अक्षरापुढे एक्स टाका, सगळ्यांना कळतं.

मग शेपट्या शिका. नाम ओ ने संपतं, विशेषण आ ने. क्रियापदाला आस लावलं की वर्तमानकाळ, इस लावलं की भूतकाळ, ओस लावलं की भविष्यकाळ, करणारा कोणीही असो, एक असो की दहा, रूप तेच. कर्माला न लागतो आणि त्यात इंग्रजीवाले फार अडकतात, पण आपल्याला विभक्ती काही नवीन नाही. ला कातो मांजास ला मूसोन म्हणा नाहीतर ला मूसोन मांजास ला कातो म्हणा, मांजरच उंदीर खातंय, उलटं होत नाही.

आता खरी गंमत. साना म्हणजे निरोगी. पुढे माल लावला की अर्थ उलटा, मालसाना म्हणजे आजारी. त्यात माणूस दाखवणारा उल घाला, मालसानुलो म्हणजे आजारी माणूस, मग जागा दाखवणारा एय जोडा, मालसानुलेयो, झालं हॉस्पिटल! गाडीला डबे जोडत जावं तसं. आता तुम्ही करा, लेर्नी म्हणजे शिकणे, तर शाळा काय? लेर्नेयो. वेंदी म्हणजे विकणे, दुकान? वेंदेयो, आणि विकणारा वेंदिस्तो. त्रांची म्हणजे कापणे आणि इल म्हणजे साधन, मग त्रांचिलो म्हणजे सुरी हे कोणी सांगायची गरजच नाही. एकटा माल शिकलात तरी विशेषणांची निम्मी मेहनत वाचते, बोना चांगला मालबोना वाईट, वार्मा गरम मालवार्मा थंड. माझं तर ठाम मत आहे की रोज एक धातू घ्यावा आणि त्याची जितकी पिल्लं काढता येतील तितकी वहीत काढावीत, मग डिक्शनरीत तपासावं. तुम्ही बनवलेला शब्द तिथे सापडला की जो आनंद होतो ना, तो दुसऱ्या भाषेत इतक्या लवकर मिळत नाही.

अडचण एकच, मूळ शब्द बहुतेक युरोपातले आहेत. पण इंग्रजी येत असेल तर बिर्दो, लाम्पो, तेलेफोनो आपोआप ओळखू येतात.

शिकायला लेर्नू ही वेबसाइट फुकट आहे आणि व्याकरण नीट समजावते. ड्युओलिंगोवर २०१५ पासून इंग्रजीतून कोर्स आहे, रोजच्या सवयीसाठी तो बरा, पण फक्त त्यावर थांबू नका, बोलायला माणसं शोधा. एस्पेरांतोवाल्यांत जवळजवळ प्रत्येकाने ही भाषा मुद्दाम शिकलेली असते, त्यामुळे चुकलात तर कोणी हसत नाही, उलट थांबून ऐकतात. पास्पोर्ता सेर्वो नावाची यादी १९७४ पासून चालू आहे, त्यातले लोक प्रवासी एस्पेरांतो बोलणाऱ्यांना आपल्या घरी फुकट राहायला देतात! एस्पेरांतोचं जागतिक संमेलन १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य-स्युर-मेरला सुरू झालं, आणि २०२४ मध्ये टांझानियातल्या अरुशाला भरलं, आफ्रिकेत पहिल्यांदाच.

चटक लागली तर पुढे तोकी पोना ही अशीच बनवलेली भाषा आहे, सोन्या लँग यांनी २००१ मध्ये आणलेली, मूळ शब्द जेमतेम १२० च्या आसपास. यान म्हणजे माणूस, पोना म्हणजे चांगला, यान पोना म्हणजे मित्र, सगळं असंच जुळवायचं. पण दोन्ही एकदम सुरू करू नका, आधी एस्पेरांतोत दिवसभरात काय काय केलं ते न अडखळता सांगता येऊ दे.