समुद्रतळाच्या थिसलगॉर्म जहाजावर उतरायचं तर

भंडाऱ्याकडच्या आपल्या पोरांना वाटतं, विहिरीत सूर मारता येतो, मालगुजारी तलाव पोहून पार होतो, मग स्कुबात, म्हणजे हवेची टाकी पाठीवर लावून बुडी मारण्यात, काय आहे बाप्पा! पण विहिरीत आपण दम धरतो, अन् टाकी लावून दम धरून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. ही एक सवय मोडायला बाकी सगळ्या तयारीपेक्षा जास्त दिवस ठेवा.

थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज लाल समुद्रात, इजिप्तच्या रास मोहम्मदजवळ आहे. ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी ते बुडवलं. तळ साधारण ३० मीटरवर. घरी मीटरातच सांगा, शंभर फूट म्हटलं की आई जाऊ देणार नाही. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सच्या कार्डावर १८ मीटरच मिळतात, म्हणून ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स आधी करून घ्या. तळाशी दाब वरच्यापेक्षा चौपट, हवाही चौपट वेगानं संपते. टाकीतली हवा दाखवणाऱ्या गेजकडे सारखं लक्ष हवं.

पासपोर्ट, व्हिसा, विमा हे नेहमीचंच. दमा असेल, कान फुटलेला असेल तर पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. तिथं सर्दी झाली तर त्या दिवशी बोटीवरच बसायचं, गोळी घेऊन उतरायचं नाही. हिवाळ्यात पाणी २१-२२ अंशांवर येतं, तेव्हा ५ मिलिमीटर जाडीचा रबरी सूट लागतो. मास्क स्वतःचा, टॉर्च दोन.

खाली जायला कमरेला वजन बांधतात, त्या शिशाच्या पट्ट्यात मी फसलो. गोड्या पाण्यात बरोबर बसलेलं वजन खाऱ्यात कमी पडतं, अन् लाल समुद्र तर इतर समुद्रांहून खारट. पहिल्या दिवशी मी बुचासारखा वरच तरंगत राहिलो, खालून सोबती हातवारे करत होता. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वजन आधी जमवा, मगच जहाजाकडे निघा. तिथं प्रवाह जोराचा असतो, जहाजाला बांधलेला दोर सोडू नका.

मालाच्या कोठारांत बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या मोटारसायकली, ट्रक, रायफली अजून आहेत. गमबूटही दिसतील, धानाच्या बांधीत घालतो तसलेच. उचलायचे नाहीत. त्या रात्री या जहाजावरची नऊ माणसं गेली.

परतीचं तिकीट काढताना शेवटची बुडी अन् विमान यांत निदान १८ तास सोडा. मी तर अख्खा दिवस सोडतो.