मूषकाची मान का अडकत होती

यंदा पंचवटीतल्या आमच्या घरच्या गणपतीसमोर मान वळवणारा, शेपूट हलवणारा मूषक करायचं लेकीनं आणि मी ठरवलं. पुठ्ठा, कागदाचा लगदा, वरून राखाडी फर. आत आर्डुइनो उनो हा कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड, एसजी-९० जातीच्या, सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या दोन सर्वो मोटारी आणि माणसाची चाहूल घेणारा पीआयआर सेन्सर.

नुसती मान छान वळायची. शेपूट जोडली की मूषक थरथरायचा, मान झटक्यात मधे यायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन रात्री मी कोडच तपासत बसलो. मग लेक म्हणाली, "बाबा, शेपूट हलली की बोर्डावरचा दिवा विझतोय बघ."

तिथंच दुखणं सापडलं. सर्वो जोर लावताना एकदम जास्त करंट ओढते. दोन्ही मोटारी बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर होत्या आणि बोर्ड यूएसबीवर, म्हणजे जेमतेम ५०० मिलिअँपिअर. व्होल्टेज खाली आलं की बोर्ड रीसेट, म्हणजे बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी तर या कामाला घेऊच नका, तिच्यात तेवढा दमच नसतो.

मोटारींना ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर दिला. त्याच्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटक्याच्या वेळी देणारा भाग, लावला, अधिक-उणे नीट बघून. आणि अडॅप्टरची ग्राउंड, म्हणजे उणे तार, बोर्डाच्या ग्राउंडला जोडली. ही एक तार राहिली तर मोटारी वेड्यावाकड्या फिरतात.

सेन्सर सुरुवातीला मिनिटभर उगाच इशारे देतो, म्हणून कोडमध्ये ६० सेकंद थांबायला लावलं.

संध्याकाळी आरतीला शेजारच्या काकू पुढं झाल्या, आणि मूषकानं सावकाश त्यांच्याकडं मान वळवली.