व्हिडिओ कन्व्हर्ट करताना फ्रेमरेट: एफएफएमपेगमधला ‘-आर’ नेमका कुठे टाकायचा?

एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ कन्व्हर्ट करणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉल आहे आणि टर्मिनल वापरता येतं, असं धरून चालतो. फ्रेमरेट म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची, म्हणजे चित्रांची, संख्या. स्विचची, म्हणजे कमांडमध्ये द्यायच्या पर्यायांची, नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि आकडे वापरा.

आधी ठरवा की फ्रेमरेट बदलायची गरज आहे का. फक्त फाइल लहान करायची असेल किंवा फॉरमॅट बदलायचा असेल, तर फ्रेमरेटला हात लावू नका. ‘३० चं ६० करा, व्हिडिओ स्मूथ होईल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. ६० मागितलं की प्रत्येक फ्रेम दोनदा छापली जाते, हालचाल तीच राहते. ‘मिन्टरपोलेट’ फिल्टर मधल्या फ्रेम खरोखर तयार करतो, पण वेळ फार खातो आणि हलणाऱ्या हातांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. घरच्या व्हिडिओसाठी मी तो कधीच सुचवणार नाही.

मग एफएफप्रोबने (एफएफएमपेगबरोबर येणारं, फाइलची माहिती दाखवणारं टूल) फाइल तपासा. ‘आर_फ्रेम_रेट’ आणि ‘एव्हीजी_फ्रेम_रेट’ हे दोन आकडे बघायचे. ते अपूर्णांकात येतात: २५/१ म्हणजे २५, ३००००/१००१ म्हणजे २९.९७. दोन्हींत फरक दिसला, तर फाइलचा फ्रेमरेट बहुधा बदलता आहे. मोबाइलचं शूटिंग आणि स्क्रीन रेकॉर्डिंग बरेचदा असंच असतं; उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी घेतो.

आता खरी मेख. मला स्वतःला ही गोष्ट उमगायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि नेटवरचे निम्मे सल्ले इथेच घसरतात. ‘-आर’ हा एकच स्विच दोन वेगळी कामं करतो. कोणतं काम करायचं, हे तो इनपुट फाइलच्या, म्हणजे ‘-आय’च्या, आधी आहे की नंतर, यावर ठरतं.

आधी टाकला तर अर्थ असा: फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची जी वेळ लिहिली आहे ती विसर, मी सांगतो त्या वेगाने फ्रेम मोज. एकही फ्रेम कमी-जास्त होत नाही, पण वेळ बदलते. नंतर, आउटपुटच्या नावाआधी टाकला तर अर्थ असा: वेळ आहे तशी ठेव, हवा तो आकडा गाठायला फ्रेम गाळ किंवा परत छाप.

३० फ्रेमरेटचा दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. त्यात १८,००० फ्रेम आहेत. ‘-आर २५’ आधी टाकलात तर त्याच १८,००० फ्रेम २५ च्या वेगाने चालतील आणि चित्र बारा मिनिटांचं होईल. आवाजाला हा स्विच लागू होत नाही, तो दहा मिनिटांचाच राहील. म्हणजे मंगलाष्टकं संपून ताशा वाजायला लागेल, तरी पडद्यावर अंतरपाट तसाच धरलेला दिसेल. तोच स्विच नंतर टाकलात तर दर सहातली एक फ्रेम गळेल, १५,००० उरतील आणि चित्र-आवाज दोन्ही दहा मिनिटांचे राहतील.

म्हणून आवाज असलेल्या नेहमीच्या फाइलला ‘-आर’ आधी टाकू नका. ‘आवाज पुढेमागे होतोय? आधी -आर ३० टाका’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २९.९७ च्या फाइलला ३० म्हटलं तरी तासाभरात ३.६ सेकंदांची तफावत पडते. ऑडिओ डिले लावूनही ती जात नाही, कारण ती सुरुवातीपासून सारखी नसते, वाढत जाते.

वेग आधी सांगणं योग्य ठरतं ते फाइलमध्ये वेळच लिहिलेली नसते तेव्हा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यातून) कधीकधी निघणारी कच्ची एच२६४ फाइल किंवा फोटोंची मालिका ही त्याची उदाहरणं. तिथे एफएफएमपेग स्वतःहून २५ धरतं. रेकॉर्डिंग १५ चं असेल तर माणसं पळताना दिसतात. अशा वेळी ‘-आय’च्या आधी ‘-फ्रेमरेट १५’ द्या.

बदलता फ्रेमरेट एडिटिंगसाठी स्थिर करायचा असेल, तर मी ‘-व्हीएफ एफपीएस=३०’ हा फिल्टर वापरतो. त्यात फ्रेमरेट इतर फिल्टरांच्या आधी बदलायचा की नंतर, हा क्रम आपल्या हातात राहतो. जोडीला ‘-सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ १८ -सी:ए कॉपी’, म्हणजे चित्र चांगल्या दर्जात पुन्हा एन्कोड होतं आणि आवाज जसाच्या तसा कॉपी होतो. आकडा मूळ फाइलच्या जवळचाच निवडा. ३० चं २५ केलं की कॅमेरा आडवा फिरताना झटके दिसतातच. टीव्ही चॅनेलने किंवा क्लायंटने २५ मागितलं असेल तरच करा. जुन्या मार्गदर्शकांत ‘-व्हीसिंक’ दिसेल, ५.१ आवृत्तीपासून त्याची जागा ‘-एफपीएस_मोड’ने घेतली आहे.

‘-सी कॉपी’ (पुन्हा एन्कोड न करता सगळं तसंच उचलणं) बरोबर ‘-आर’ देऊ नका. कॉपीमध्ये फ्रेम गळत नाही की वाढत नाही; फाइलवर फक्त चुकीचं लेबल लागतं.

मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेल्या लग्नाच्या फाइलला आधी ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ फिल्टर लावून इंटरलेसिंग (फ्रेमच्या एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपण्याची पद्धत) काढा, फ्रेमरेटचं मग बघा.

कन्व्हर्ट होताना टर्मिनलमध्ये ‘डुप’ (परत छापलेल्या फ्रेम) आणि ‘ड्रॉप’ (गाळलेल्या फ्रेम) हे आकडे दिसले तर त्यांच्यावर लक्ष ठेवा. ३० ची फाइल ३० च करताना ‘डुप’ हजारांत जात असेल, तर थांबवा आणि मूळ फाइल पुन्हा तपासा. एका मिनिटाचा तुकडा कन्व्हर्ट करून समाधान मानू नका; २९.९७ आणि ३० मधला फरक मिनिटाला जेमतेम ०.०६ सेकंद असतो, तो डोळ्यांना कळत नाही. पूर्ण फाइल करा, चित्र आणि आवाज यांची लांबी एफएफप्रोबने ताडून पाहा आणि शेवटची दोन मिनिटं बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत ऐका.